टक्के कशाचे आणि ग्रॅम कशाचा? ग्रॅफीन–मँगनीज डायऑक्साइडवरच्या प्रबंधाची हकीकत

व्हायव्हा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, होऊन काही आठवडे झाले. या विषयावर काम सुरू करणारे दोन-तीन ज्युनियर सारखे काही ना काही विचारत असतात. त्यांना तुकड्या-तुकड्यात दिलेली उत्तरं एकदाच नीट लिहून काढावीत म्हणून हा लेख. विषय: मँगनीज डायऑक्साइड आणि ग्रॅफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) यांचं नॅनोकॉम्पोझिट, म्हणजे अतिसूक्ष्म पातळीवरचं मिश्रण, त्याचा उपयोग पाण्यातला रंग काढण्यासाठी आणि सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे झटपट भरणाऱ्या वीजसाठवणीच्या उपकरणासाठी. 'एकच पदार्थ, दोन उपयोग' हे सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात दोन वेगळ्या प्रयोगशाळांचं काम एका माणसाने करायचं असतं, आणि दोन्हीकडची सवय वेगळी. हे आधीच माहीत असलं की वेळापत्रक आखताना फसगत होत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये नोंदणी झाली. पहिले दोन महिने वाचनात गेले. ग्रॅफीन वेगळं काढलं २००४ मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव यांनी, चिकटपट्टीने, आणि २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण चिकटपट्टीने सोललेल्या पापुद्र्याने बादलीभर पाणी साफ होत नाही. आपल्या कामात जे 'ग्रॅफीन' असतं ते बहुतेक वेळा ग्राफाइटचं ऑक्सिडीकरण करून, पाण्यात सुटं करून (हे झालं ग्रॅफीन ऑक्साइड), पुन्हा अंशतः क्षपण केलेलं, म्हणजे ऑक्सिजन काढून घेतलेलं असतं. त्यात छिद्रं असतात, ऑक्सिजन उरलेला असतो, थर एकमेकांवर बसलेले असतात. एका सुट्या थराचं सैद्धांतिक पृष्ठफळ २६३० चौरस मीटर प्रति ग्रॅम. हा आकडा प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात असतो आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा त्याच्या जवळपासही नसतो. प्रस्तावना लिहिताना मी तो वापरला नाही. गाईड मॅडमना ते आवडलं, एका परीक्षकाला खटकलं.

मग कागदपत्रं. ग्रॅफीन ऑक्साइडसाठी संहत सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट लागतं. ही दोन्ही रसायनं अमली पदार्थांविषयीच्या १९८८ च्या संयुक्त राष्ट्रसंघ करारातल्या नियंत्रित रसायनांच्या यादीत आहेत. त्यामुळे पुरवठादार वापराचं घोषणापत्र, संस्थेचं पत्र, साठ्याच्या नोंदवहीची हमी असं काही ना काही मागतोच. त्याशिवाय सुरक्षा समितीचा जोखीम-मूल्यांकन फॉर्म. माझा फॉर्म एकदा परत आला, कारण 'आम्लयुक्त मँगनीजचा कचरा कुठे जाणार' या रकान्यात नुसतं 'नियमानुसार विल्हेवाट' लिहिलेलं चालत नव्हतं. कोणता डबा, कशाने उदासीन करणार, कोण नेणार, हे लिहावं लागलं. समितीची बैठक महिन्यातून एकदाच होते, त्यामुळे एका रकान्यापायी महिना गेला. म्हणून पहिला सल्ला: फॉर्म भरताना कचऱ्याचा रकाना सर्वांत आधी भरा आणि आधी मंजूर झालेला एखाद्या सीनियरचा फॉर्म समोर ठेवा.

जानेवारी २०२३ मध्ये ग्रॅफीन ऑक्साइडची पहिली बॅच केली. हमर्स आणि ऑफेमन यांची १९५८ ची मूळ कृती सोडियम नायट्रेट वापरते आणि त्यातून नायट्रोजनचे विषारी वायू सुटतात. मी २०१० मध्ये आलेली सुधारित कृती घेतली: नायट्रेट नाही, सल्फ्युरिक आणि फॉस्फरिक आम्ल ९:१ प्रमाणात, परमँगनेट जास्त, तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास. इथे एक गोष्ट ठासून सांगते. संहत आम्लात परमँगनेट पडलं की हिरवा रंग येतो. तो मँगनीजच्या अतिशय क्रियाशील ऑक्साइडचा असतो, आणि त्यातलं मँगनीज हेप्टॉक्साइड ५५ अंशांच्या वर स्फोटक ठरू शकतं. म्हणजे कृतीचं तापमान आणि धोक्याचं तापमान यांत अंतर फार थोडं आहे. परमँगनेट चिमूट-चिमूट, बर्फाच्या पात्रात, थर्मामीटर द्रवात बुडवून. हॉटप्लेटच्या पडद्यावरचा आकडा प्लेटचा असतो, द्रवाचा नव्हे. आणि ही बॅच एकट्याने, सगळे घरी गेल्यावर करू नका.

हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर तपकिरी लगदा एकदम पिवळा होतो. छान वाटतं. त्या आनंदानंतर धुण्याचा काळ सुरू होतो आणि त्याबद्दल कुणीच लिहीत नाही. आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवायचं, म्हणजे मँगनीजचे आयन निघतात, मग पाण्याने. जसजसं आम्ल कमी होतं तसतसे थर पाणी पिऊन फुगतात, लगद्याची जेली होते आणि सेंट्रीफ्यूज कितीही फिरवला तरी वरचं पाणी स्वच्छ सुटत नाही. पहिल्या बॅचचं धुणं फेब्रुवारी संपेपर्यंत चाललं. पुढे आम्ल बरंच निघाल्यावर थेट डायलिसिसच्या पिशवीत (जिच्यातून आम्ल आणि क्षार झिरपून बाहेर जातात) भरायला लागले; वेळ तेवढाच जातो, पण त्या वेळात दुसरं काम करता येतं. वाळवायचं असेल तर ६० अंशांखाली. कोरडं ग्रॅफीन ऑक्साइड झटकन तापवलं तर ते फुसकन पेटतं, ढीग मोठा असेल तर आणखी जोरात. मी ते बहुतेक पाण्यातच ठेवलं आणि ठरावीक मिलिलिटर वाळवून वजन करून तीव्रता काढली.

कॉम्पोझिटची कृती वर वर सोपी: ग्रॅफीन ऑक्साइडच्या विलयात परमँगनेट, ते टेफ्लॉनच्या अस्तराच्या स्टील ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात), १५० अंशांच्या आसपास काही तास, मग ओव्हनमध्येच सावकाश थंड. रसायनशास्त्राची गंमत अशी की इथे कार्बन स्वतःच परमँगनेटचं क्षपण करतो आणि त्या बदल्यात थोडा जळतो. म्हणजे परमँगनेट वाढवत गेलात की ऑक्साइड वाढतं आणि खालचं ग्रॅफीन झिजत जातं. आपण तराजूवर मोजून घातलेलं प्रमाण शेवटच्या पावडरीत राहत नाही. म्हणून '१:४ कॉम्पोझिट' असं नाव देण्याऐवजी औष्णिक विश्लेषणाने (तापवत तापवत वजन मोजून) प्रत्यक्ष प्रमाण काढणं भाग आहे. त्यातही एक खाच आहे. हवेत तापवताना कार्बन जळून वजन घटतं, पण मँगनीज डायऑक्साइडसुद्धा ५०० अंशांच्या वर ऑक्सिजन सोडून दुसऱ्या ऑक्साइडमध्ये जातं आणि स्वतःच्या वजनाच्या सुमारे ९.२ टक्के गमावतं. ती घट कार्बनच्या खात्यावर टाकली तर ग्रॅफीन फुगवून दाखवलं जातं. ऑटोक्लेव्ह अर्ध्या-पाऊण भागापेक्षा जास्त भरू नका, आणि परमँगनेट असताना बंद भांड्यात अल्कोहोल किंवा तसलं काही सेंद्रिय चुकूनही नको.

जुलै ते नोव्हेंबर २०२३ हा काळ स्लॉटच्या मागे धावण्यात गेला. स्फटिकरचना दाखवणारं एक्स-रे डिफ्रॅक्शन आठवड्यात मिळतं आणि स्वस्त पडतं. रामनला (लेझरने रेणूंची कंपनं मोजणारी तपासणी) रांग होती. पृष्ठफळ मोजणाऱ्या यंत्रात एक नमुना जवळजवळ पूर्ण दिवस खातो, म्हणून तिथे महिन्याची वाट. ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि एक्सपीएस (पृष्ठभागावरची मूलद्रव्यं आणि त्यांची अवस्था दाखवणारी तपासणी) बाहेरच्या संस्थेतून करावं लागलं: कोटेशन, मंजुरी, आगाऊ पैसे, मग तारीख. या दोन तपासण्यांचा खर्च माझ्या सगळ्या रसायनांच्या एकूण बिलापेक्षा जास्त झाला. तेव्हा सगळे नमुने सगळीकडे पाठवू नका. आधी स्वस्त तपासण्यांनी चाळणी लावा आणि ज्या दोन-तीन नमुन्यांवर पुढचं काम उभं राहणार तेवढेच महाग यंत्रावर पाठवा. वजनही पाहून ठेवा. पृष्ठफळाच्या चाचणीला शंभर मिलिग्रॅमच्या घरात नमुना लागतो, आणि एका छोट्या ऑटोक्लेव्हमधून कधी कधी तेवढाच निघतो.

निकाल वाचताना दोन ठिकाणी अडखळायला होतं. पहिलं, एक्स-रेचा आलेख: त्यात ग्रॅफीन ऑक्साइडचं शिखर १० ते ११ अंशांच्या (कोनाच्या) आसपास येतं आणि थरांच्या रचनेच्या मँगनीज डायऑक्साइडचं १२ अंशांच्या जवळ. रुंद, बसकी शिखरं असली की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि 'क्षपण पूर्ण झालं' की 'अर्धवट राहिलं' याचा निर्णय फक्त त्या आलेखावरून होत नाही. दुसरं, रामनचा लेझर. काळी पावडर प्रकाश पिते, तापते, आणि मँगनीज डायऑक्साइड तिथल्या तिथे दुसऱ्या ऑक्साइडमध्ये बदलतं. मग रामनच्या आलेखात ६५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास एक टोकदार शिखर उगवतं. ते आपल्या पदार्थाचं नसतं, आपल्या लेझरचं असतं. ऑपरेटरला आधीच सांगा की शक्ती सर्वांत कमी ठेवा, आणि त्याच बिंदूवर दोनदा मोजून आलेख बदलतो का ते पाहा. ऑपरेटरशी गोड बोलण्याचे फायदे मी वेगळे सांगायला नकोत.

२०२४ चं वर्ष रंगाचं. मिथिलीन ब्लू हा निळा रंग घेतला, कारण सगळे तोच घेतात आणि तुलना करता येते. तो धनभारित आहे. मँगनीज डायऑक्साइड आणि ग्रॅफीन ऑक्साइड दोन्ही साध्या पाण्यात ऋणभारित. ओढ आपोआप आहे. पहिल्याच आठवड्यात निळं पाणी पांढरं झालं आणि नव्वदच्या वर टक्के आले. प्रगती-अहवालासाठी ते पुरेसं होतं. मॅडमनी मात्र वहीत दोनच प्रश्न लिहिले: 'टक्के कशाचे? रंग गेला कुठे?' पुढचे आठ-नऊ महिने मी या दोन प्रश्नांची उत्तरं शोधली, आणि प्रबंधातला चांगला भाग तोच आहे असं माझं मत आहे.

पहिला प्रश्न सोपा आहे, पण त्याकडे डोळेझाक होते. समजा १०० मिलिलिटर पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम रंग आहे, म्हणजे एकूण १ मिलिग्रॅम. त्यात ५० मिलिग्रॅम पावडर टाकली आणि ९५ टक्के रंग गेला. ऐकायला भारी. पण हिशेब केला तर एका ग्रॅम पावडरीने फक्त १९ मिलिग्रॅम रंग धरला. आता तीच पावडर लिटरमागे २०० मिलिग्रॅम असलेल्या पाण्यात टाका आणि समजा ४० टक्केच गेला. एका ग्रॅमने १६० मिलिग्रॅम धरला! टक्का निम्म्याहून कमी, काम आठपटीहून जास्त. म्हणून सुरुवातीची तीव्रता, पावडरीचं वजन आणि पाण्याचं आकारमान या तिन्हीशिवाय टक्केवारीला काही अर्थ नाही. हे एकदा पटलं की शोधनिबंधांतल्या तुलनेच्या तक्त्यांवरचा विश्वास बराच उडतो.

दुसरा प्रश्न अवघड. रंग पावडरीवर चिकटला असेल तर तो गेलेला नाही, फक्त जागा बदलली. तुटला असेल तर कशात तुटला? मँगनीज डायऑक्साइड आम्लधर्मी पाण्यात स्वतःच ऑक्सिडीकरण करतं, त्याला प्रकाशाची गरज नसते. मिथिलीन ब्लूवरचे मिथाइल गट एकेक करून निघतात आणि अझुर नावाचे रंग तयार होतात, जे अजूनही रंगच आहेत. फक्त त्यांचं प्रकाश शोषण्याचं शिखर मिथिलीन ब्लूच्या ६६४ नॅनोमीटरवरून कमी तरंगलांबीकडे सरकतं. आपण फक्त ६६४ वर आकडा घेत बसलो तर तो घसरत जातो आणि आपल्याला वाटतं रंग साफ झाला. म्हणून दर वेळी ४०० ते ८०० नॅनोमीटर पूर्ण आलेख घ्या. एका आकड्याऐवजी आलेख घ्यायला मिनिटभर जास्त लागतं, बस. त्यानंतर वापरलेली पावडर इथेनॉलने धुऊन किती रंग परत सुटतो ते मोजलं आणि काही नमुने एकूण सेंद्रिय कार्बनच्या तपासणीला बाहेर पाठवले. त्याची वाट सहा आठवडे पाहिली. उत्तर मध्यममार्गी निघालं: उदासीन पाण्यात बराचसा रंग नुसता चिकटलेला, आम्लात बराचसा बदललेला, पण कार्बन रंगाइतका घटलेला नाही. प्रबंधात 'निर्मूलन' हा शब्द मी जपून वापरला.

आम्लात आणखी एक गोष्ट होते. ऑक्सिडीकरण करताना मँगनीज विरघळून पाण्यात येतं. रंग काढून मँगनीज दिलं तर पाणी स्वच्छ झालं असं कसं म्हणायचं? पिण्याच्या पाण्यातल्या मँगनीजसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ मधलं तात्पुरतं मार्गदर्शक मूल्य लिटरला ०.०८ मिलिग्रॅम आहे. सांडपाणी आणि पिण्याचं पाणी एक नाही हे मान्य, पण आकडा समोर असावा. माझे आम्लातले निकाल त्याच्या पुष्कळ वर होते, आणि मी ते तक्त्यात तसेच ठेवले. एका समीक्षकाने त्याच तक्त्याचं कौतुक केलं, तेव्हा बरं वाटलं.

हाताखालच्या काही गोष्टी, ज्या मला कुणीतरी आधी सांगायला हव्या होत्या. सिरिंज फिल्टर स्वतः मिथिलीन ब्लू धरतो. नुसतं रंगाचं पाणी फिल्टरमधून घालून पाहा, फिकं होऊन येईल. सेंट्रीफ्यूज वापरा. पण ग्रॅफीनचे बारीक कण वर राहिले तर प्रकाश विखुरतो आणि शोषकता (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचं माप) खोटी वाढते. ८०० नॅनोमीटरच्या आसपास, जिथे रंगाचं काहीच नसतं, तिथे आलेख शून्यावर आहे का हे पाहिलं की ते कळतं. बाटलीतल्या मिथिलीन ब्लूमध्ये पाण्याचे रेणू असतात आणि त्यांचं प्रमाण बदलतं, तेव्हा वजनावरून काढलेली तीव्रता थोडी फुगलेली असते. लिटरला १० मिलिग्रॅमचं द्रावणसुद्धा मोजण्यासाठी गडद आहे, शोषकता १ च्या आत येईपर्यंत पातळ करून घ्या. आणि कोरी चाचणी: पावडर नाही, फक्त रंग, तीच बाटली, तेवढाच वेळ.

नोव्हेंबर २०२४ पासून दुसरी बाजू. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या खोलीत गेल्यावर भाषाच बदलते. तिथे फॅरड प्रति ग्रॅम, म्हणजे एका ग्रॅममागचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता), विचारतात, आणि मॅडमचा पहिला प्रश्न नव्या रूपात पुन्हा येतो: ग्रॅम कशाचा? मँगनीज डायऑक्साइडचा सैद्धांतिक कपॅसिटन्स सुमारे १३७० फॅरड प्रति ग्रॅम. पण तो पदार्थ वीज फार वाईट वाहून नेतो, त्यामुळे पृष्ठभागालगतचा पातळ थरच कामाला येतो. ग्रॅफीनचं काम आतपर्यंत इलेक्ट्रॉन पोचवणं. इलेक्ट्रोडवर पदार्थ जितका पातळ लावाल तितका आकडा सुंदर. चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅमहून कमी लावून आलेला विक्रमी आकडा दहा मिलिग्रॅमवर टिकत नाही, आणि व्यवहारातली उपकरणं त्या जाड बाजूला असतात. गोगोत्सी आणि सिमोन यांनी २०११ मध्येच हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे. मी तीन वेगवेगळ्या जाडीचे इलेक्ट्रोड करून तिन्ही आकडे दिले. जाड इलेक्ट्रोडचा आकडा निम्म्याच्या आसपास उतरला.

तीन इलेक्ट्रोडच्या रचनेतून (जिथे एकाच इलेक्ट्रोडची चाचणी होते) दोनच्या रचनेत (जी खऱ्या सेलसारखी असते) येतानाही असाच धक्का बसतो. समजा तीन इलेक्ट्रोडने ३०० फॅरड प्रति ग्रॅम आला. दोन सारखे इलेक्ट्रोड जोडून सेल केला की दोघांच्या एकूण वजनावर तो ७५ होतो, कारण दोन कपॅसिटर एकसरीत आहेत आणि वजन दुप्पट आहे. ०.८ व्होल्टला ऊर्जा भरते सुमारे ६.७ वॅट-तास प्रति किलो, तीही फक्त सक्रिय पदार्थाच्या वजनावर. धातूची पत्री, द्रावण, आवरण धरलं की तिचा तिसरा-चौथा हिस्सा उरतो. पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा दोन दिवस कामात लक्ष लागलं नव्हतं. नंतर कळलं की हा सगळ्यांचाच हिशेब आहे, काही जण तो छापत नाहीत एवढंच.

बाकी व्यवहार असे. सोडियम सल्फेटचं १ मोलर द्रावण, चांदी–सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोड. खाली कार्बन कापड किंवा ग्राफाइटची पत्री. निकेल फोम फार लोकप्रिय आहे, पण तो स्वतः रासायनिक क्रियेत भाग घेतो, म्हणून ज्यावर लावता त्या कोऱ्या आधाराचं मापन दाखवाच. पावडर इलेक्ट्रोडला चिकटवणाऱ्या बाइंडरचं मिश्रण एनएमपी नावाच्या ज्या द्रावकात करतात तो प्रजननाला घातक आहे. वायू बाहेर खेचणाऱ्या हूडमध्येच काम, आणि गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर पर्यायी बाइंडरबद्दल आधीच बोला. मिलिग्रॅमच्या कामाला पाच दशांश स्थळांचा तराजू मिळवा, नाहीतर वजनातली चूकच आकड्यावर राज्य करते. दहा हजार वेळा भरण्या-रिकामं करण्याच्या चक्रांची चाचणी यंत्र कित्येक दिवस अडवून ठेवते. त्यासाठी सुट्टीच्या आधीचा स्लॉट मागा, तेव्हा भांडायला कुणी नसतं. आणि विजेचा बॅकअप तपासून ठेवा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये लिहायला बसले. तोवरची सगळी कच्ची माहिती फोल्डरमध्ये नमुन्याच्या क्रमांकाने होती, त्यामुळे लेखन त्या मानाने लवकर झालं. वेळ गेला तो साहित्यचौर्य-तपासणीच्या अहवालात. प्रायोगिक पद्धतीचे परिच्छेद माझ्याच छापील निबंधांशी जुळत होते आणि ते वेगळे मोजण्यासाठी अर्ज करावा लागला. दोन परीक्षकांचे अहवाल यायला साडेतीन महिने लागले. त्या काळात काहीही करता येत नाही, मेल उघडून बघण्याशिवाय.

व्हायव्हात मला वाटलं होतं तसा ग्रॅफीनच्या रचनेवर भडिमार झाला नाही. एका परीक्षकांनी विचारलं, रंग धरलेली पावडर पुन्हा इलेक्ट्रोड म्हणून वापरून पाहिली का? पाहिली होती. कपॅसिटन्स घटला होता आणि त्याचं एक पान परिशिष्टात होतं. 'एक पदार्थ, दोन उपयोग' म्हणताना तेच पान मुख्य प्रकरणात हवं होतं असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि दुरुस्तीच्या यादीत तेवढाच एक मुद्दा आला. दुरुस्त प्रत आठ दिवसांत दिली.

शेवटचा अडथळा 'नो ड्यूज'चा, म्हणजे काही देणं बाकी नाही या दाखल्याचा. प्रयोगशाळा सोडताना परमँगनेटच्या नोंदवहीतली शिल्लक आणि कपाटातली बाटली यांचा मेळ घालून सही घ्यावी लागते, आणि लेबल नसलेला कचऱ्याचा एकही डबा कुणी ताब्यात घेत नाही. डब्यावर भरतानाच तारीख, काय आहे आणि आम्ल किती हे लिहा. माझे डबे दोन तासांत गेले. शेजारच्या बाकावरच्याचे अजून तिथेच आहेत.